मसल वाढवायचेत म्हणून भाकरी सोडताय? थांबा, आधी सोलापूरच्या ज्वारीचा हा हिशेब बघा

सोलापुरात जिमला नवीन गेलेल्या कुठल्याही पोराला विचारा, पहिल्या आठवड्यात त्याला तीन सल्ले हमखास मिळालेले असतात. पहिला, भाकरी-भात बंद कर आणि ओट्स खा. दुसरा, मास गेनरचा डबा आण. तिसरा, रात्री आठनंतर कार्ब्स अजिबात नकोत. सल्ले देणारा कुणीही असतो. शेजारच्या बेंचवरचा दादा, रीलमधला ट्रेनर नाहीतर व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारी पीडीएफ.

गंमत अशी की हे सगळं ज्या जिल्ह्यात चाललंय, त्या जिल्ह्याची ओळखच एका कार्बोहायड्रेटवर उभी आहे. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये जीआय मानांकन मिळालं. केंद्र सरकार दरवर्षी हमीभावाची यादी काढतं, त्यात ज्वारीच्या दोन ओळी असतात, एक संकरित आणि दुसरी मालदांडी. २०२५-२६ साठी संकरित ज्वारीचा हमीभाव ३६९९ रुपये क्विंटल आणि मालदांडीचा ३७४९ रुपये. म्हणजे दिल्लीच्या यादीत आपल्याकडच्या ज्वारीला स्वतंत्र ओळ आहे आणि इथल्या पोराच्या ताटातून ती गायब होतेय.

मग प्रश्न असा की अंगावर मांस चढवायचं असेल तर कार्ब्स नेमके कुठले खावेत? भाकरी, चपाती, भात, पोहे, केळी, ओट्स की डब्यातली पावडर? एकेक गोष्ट नीट समजून घेऊ.

आधी मुळात, मसलसाठी कार्ब्स कशाला लागतात?

स्नायू बनतात प्रोटीनपासून, हे आता सगळ्यांना पाठ झालंय. पण वजन उचलताना शरीर जे इंधन जाळतं ते मुख्यतः कार्ब्सचं असतं. आपण खाल्लेला भात-भाकरी पचून ग्लुकोज होतो आणि त्यातला काही भाग ग्लायकोजेन म्हणून स्नायूंत आणि यकृतात साठतो. मोठ्या माणसाच्या स्नायूंत साधारण ४०० ते ५०० ग्रॅम आणि यकृतात १०० ग्रॅमच्या आसपास एवढाच हा साठा असतो.

स्क्वॅटचा चौथा सेट मारताना पाय थरथरतात, तेव्हा कमी पडण्यात या साठ्याचाही वाटा असतो. साठा कमी म्हणजे सेट कमी, सेट कमी म्हणजे स्नायूला मिळणारा ताण कमी. आणि ताणच नसेल तर कितीही प्रोटीन ओता, स्नायू वाढायचं कारणच उरत नाही.

दुसरं काम म्हणजे राखण. पोटात पुरेशा कॅलरी नसतील तर शरीर प्रोटीनच जाळायला घेतं. म्हणजे महागाची अंडी आणि पनीर खायचं, आणि ते सरपणासारखं वापरलं जायचं. कार्ब्स पुरेसे असले की प्रोटीन आपल्या कामाला मोकळं राहतं.

पण इथेच एक गैरसमज काढून टाकू. कार्ब्स स्वतः मसल बनवत नाहीत. एकूण कॅलरी आणि प्रोटीन सारखं ठेवलं, तर नुसते कार्ब्स वाढवून स्नायू जास्त वाढतात असं अभ्यासांतून दिसत नाही. कार्ब्स व्यायाम नीट करू देतात आणि वाढीसाठी लागणाऱ्या जादा कॅलरी पुरवतात. भूमिका एवढीच, पण ती मोठी आहे.

किती खायचे?

क्रीडा पोषणात वापरला जाणारा ढोबळ आकडा असा: दिवसाला तासभर मध्यम ते जोरदार व्यायाम करणाऱ्याला शरीराच्या दर किलोमागे ५ ते ७ ग्रॅम कार्ब्स, हलका व्यायाम असेल तर ३ ते ५ ग्रॅम. प्रोटीन किलोमागे १.६ ग्रॅमच्या आसपास. त्यापेक्षा जास्त प्रोटीन खाऊन सरासरी माणसाला स्नायूंत फारसा फरक दिसत नाही.

म्हणजे ६५ किलोचा मुलगा आठवड्यातून चार-पाच दिवस जिम करत असेल, तर त्याला दिवसाला साधारण ३२५ ग्रॅम कार्ब्स आणि १०४ ग्रॅम प्रोटीन लागेल. हे ३२५ ग्रॅम शिजवलेल्या अन्नाचं वजन नाही, त्यातल्या कार्ब्सचं आहे. इथे बरेच जण फसतात.

आता मुख्य सामना: ज्वारी, गहू की तांदूळ?

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली भारतीय पदार्थांचे अन्नघटक तक्ते प्रसिद्ध केले. त्यातले कच्च्या १०० ग्रॅमचे आकडे, जवळच्या पूर्णांकात:

- ज्वारी: कार्ब्स ६८ ग्रॅम, प्रोटीन १० ग्रॅम, तंतू १० ग्रॅम
- गव्हाचं पीठ: कार्ब्स ६४ ग्रॅम, प्रोटीन जवळपास ११ ग्रॅम, तंतू ११ ग्रॅम
- बाजरी: कार्ब्स ६२ ग्रॅम, प्रोटीन ११ ग्रॅम, तंतू ११ ग्रॅम
- पांढरा तांदूळ: कार्ब्स ७८ ग्रॅम, प्रोटीन ८ ग्रॅम, तंतू ३ ग्रॅम
- पोहे: कार्ब्स ७७ ग्रॅम, प्रोटीन ७ ग्रॅम

हे आकडे नीट बघितले तर दोन गोष्टी दिसतात. ज्वारी, बाजरी आणि घरचं गव्हाचं पीठ यांच्यात मसलच्या दृष्टीने फारसा फरकच नाही. भाकरी खाल्ली म्हणून पैलवान आणि चपाती खाल्ली म्हणून लुकडा, असं काही होत नाही. आणि भात वेगळा आहे तो तंतूंमुळे. तो लवकर पचतो, पोट कमी भरतं. वजन कमी करणाऱ्याला हा दोष वाटतो, वजन वाढवणाऱ्याला हाच गुण ठरतो. ज्याला दोन घासांत पोट भरल्यासारखं होतं अशा हडकुळ्या पोराने सगळे कार्ब्स फक्त भाकरीतून घ्यायचे ठरवले, तर त्याच्या कॅलरी पुऱ्याच होणार नाहीत.

ज्वारीची एक मर्यादाही सांगायला हवी, कारण ‘श्रीअन्न’च्या जाहिरातीत ती कुणी सांगत नाही. ज्वारीतल्या प्रोटीनचा मोठा भाग काफिरीन नावाच्या प्रकारचा असतो. पाण्यात शिजवल्यावर तो पचायला आणखी अवघड होतो. शिवाय ज्वारीत लायसिन हे अमिनो आम्ल कमी असतं. म्हणून तक्त्यात १० ग्रॅम लिहिलेलं प्रोटीन अंगी तेवढं लागत नाही.

याचा उपाय आपल्या आज्यांनी आहारशास्त्र न वाचता करून ठेवलाय. भाकरी कधी एकटी खायची नाही. पिठलं, मटकीची उसळ, आमटी, ताक. डाळींत लायसिन भरपूर असतं, ती उणीव भरून निघते. शेंगाचटणी-भाकरी हा सोलापूरचा खास जोड चवीला एक नंबर आणि कॅलरीलाही दणकट, पण शेंगदाण्यातही लायसिन बेताचंच असतं. त्यामुळे चटणीसोबत दही किंवा आमटी हवीच.

मग ज्वारीचं एवढं कौतुक का चाललंय?

भारताच्या प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून जाहीर केलं आणि तेव्हापासून ज्वारी-बाजरी-नाचणीला वलय आलं. त्याला आधार नव्हता असं नाही. २०२१ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून केलेल्या एका विश्लेषणात भरडधान्यांचा ग्लायसेमिक इंडेक्स सरासरी ५३ च्या आसपास आला. पांढरा तांदूळ आणि मैदा यांचा सत्तरच्या वर. म्हणजे भरडधान्यं रक्तातली साखर सावकाश वाढवतात.

पण २०२५ च्या सप्टेंबरअखेर ‘नेचर मेडिसिन’मध्ये आयसीएमआर-इंडियाबचा मोठा अभ्यास आला. देशभरातल्या १८ हजारांहून जास्त प्रौढांचा आहार त्यात तपासला होता. भारतीय माणूस दिवसाच्या कॅलरींपैकी सरासरी ६२ टक्के कार्ब्समधून घेतो आणि प्रोटीनमधून फक्त १२ टक्के, असं त्यात निघालं. भरडधान्य हे मुख्य धान्य असलेली राज्यं मोजकीच होती, त्यांत महाराष्ट्र एक.

या अभ्यासाचा सगळ्यात महत्त्वाचा निष्कर्ष मात्र बातम्यांत थोडा मागे पडला. एकूण कार्ब्स तेवढेच ठेवून नुसता तांदूळ काढला आणि ज्वारी-बाजरी किंवा गव्हाचं पीठ आणलं, तर मधुमेहाचा धोका कमी झाल्याचं दिसलं नाही. धोका कमी दिसला तो कार्ब्समधून येणाऱ्या कॅलरींतला ५ टक्के हिस्सा डाळी किंवा दूध-दह्यातल्या प्रोटीनने भरून काढल्यावर.

दोन्ही निष्कर्ष एकत्र वाचले की अर्थ स्पष्ट होतो. धान्याचा प्रकार महत्त्वाचा आहे, पण प्रमाण आणि ताटातली बाकीची सोबत त्याहून जास्त महत्त्वाची. चार भाकऱ्या आणि वाटीभर पाणीदार आमटी हे ताट ज्वारीचं असलं तरी प्रोटीनच्या बाबतीत गरीबच.

ओट्स आणि मास गेनरचं काय?

ओट्स वाईट नाहीत. तंतू चांगले, प्रोटीन बऱ्यापैकी. पण मसलसाठी ओट्समध्ये असं काही नाही जे भाकरी, दलिया, पोहे आणि डाळ मिळून देऊ शकत नाहीत. आवडत असतील आणि परवडत असतील तर खा. ‘भाकरीने मसल येत नाहीत’ म्हणून खात असाल तर पैसे वाचवा.

मास गेनरची गोष्ट वेगळी. डबा हातात घ्या आणि मागचं लेबल वाचा. भारतातल्या नियमांनुसार घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात, म्हणजे पहिलं नाव ज्याचं, त्याचं प्रमाण सगळ्यात जास्त. बऱ्याच गेनरमध्ये पहिलं नाव माल्टोडेक्स्ट्रिन असतं. हा मका किंवा इतर स्टार्चपासून बनवलेला पदार्थ रक्तात जवळपास ग्लुकोजच्याच वेगाने उतरतो. म्हणजे आपण प्रोटीनच्या भावात स्टार्च विकत घेतोय का, हे एकदा तपासा. हिशेब सोपा आहे. डब्याची किंमत भागिले डब्यातलं एकूण प्रोटीन, असा एका ग्रॅमचा भाव काढा. मग तोच भाव अंडी, दूध, सोयावडी आणि फुटाण्यांचा काढा. बाकी सांगायची गरज पडणार नाही.

आयसीएमआर आणि राष्ट्रीय पोषण संस्थेने मे २०२४ मध्ये जाहीर केलेल्या आहार मार्गदर्शक सूचनांतही शरीर कमावण्यासाठी प्रोटीन सप्लिमेंट टाळा असं म्हटलंय.

आणि हो, आठवड्यात दोन किलो वजन वाढल्याच्या ज्या रील्स फिरतात, त्यामागे बऱ्याचदा पाणी असतं. दर ग्रॅम ग्लायकोजेनसोबत शरीर साधारण तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतं. कार्ब्स एकदम वाढवले की काटा लगेच वर जातो. ते मांस नसतं.

कधी काय खायचं?

‘रात्री आठनंतर कार्ब्स नको’ हा नियम वजन वाढवणाऱ्यासाठी निरर्थक आहे. सोलापुरात नोकरी-धंदा करणारी पोरं जिमलाच सातला जातात. आठनंतर जेवायचं नाही तर कधी जेवायचं? दिवसाची एकूण बेरीज महत्त्वाची, घड्याळ दुय्यम. फक्त पोटाला सोयीचं काय ते बघायचं:

- जिमच्या तीनेक तास आधी: पूर्ण जेवण. भाकरी, उसळ, दही. तंतूंना पचायला वेळ लागतो, म्हणून एवढं अंतर.
- जिमच्या तासभर आधी: केळी, पोहे किंवा गूळ-फुटाणे. हलकं, लवकर पचणारं.
- जिमनंतर: भात-वरण आणि अंडी, चिकन किंवा सोयावडी. इथे पांढऱ्या भाताची लाज बाळगायचं कारण नाही.

कॉलेज किंवा कारखान्यात डबा नेणाऱ्यांसाठी कडक भाकरी उत्तम. त्यात पाणी जवळपास नसतं, दिवसेंदिवस टिकते, आणि वजनाच्या मानाने कॅलरी भरपूर. दह्यात किंवा आमटीत कुस्करली की जेवण तयार. उन्हाळ्यात मात्र पाणी जास्त प्या. चाळिशीपार गेलेल्या पाऱ्यात घाम गाळून तंतूंचं जेवण वाढवलं आणि पाणी तेवढंच ठेवलं, तर पोट बिघडणार.

६५ किलोच्या पोराचं एक दिवसाचं ताट

वजनं कच्च्या मालाची आहेत, आकडे अंदाजे:

- सकाळी: ६० ग्रॅम पोहे, २० ग्रॅम शेंगदाणे, एक मोठा ग्लास दूध. कार्ब्स ६१, प्रोटीन १७.
- दुपारी: १२० ग्रॅम पिठाच्या दोन भाकऱ्या, ५० ग्रॅम मटकीची उसळ, वाटीभर दही. कार्ब्स ११३, प्रोटीन २७.
- जिमआधी: दोन केळी. कार्ब्स ५०, प्रोटीन २.
- रात्री: ७५ ग्रॅम तांदळाचा भात, ४० ग्रॅम तूरडाळीचं वरण, तीन अंडी, ३० ग्रॅम सोयावडीची भाजी. कार्ब्स ९१, प्रोटीन ४९.
- झोपताना: ग्लासभर दूध. कार्ब्स १२, प्रोटीन ८.

बेरीज: कार्ब्स ३२७ ग्रॅम, प्रोटीन १०३ ग्रॅम. तेल धरून साधारण २४०० ते २५०० कॅलरी. यात एकही डबा नाही.

दोन आठवड्यांनी त्याच वेळी, उपाशीपोटी वजन करा. काटा हलला नसेल तर दिवसाला एक भाकरी वाढवा, म्हणजे साधारण २०० कॅलरी. महिन्याला एक-दीड किलोपेक्षा जास्त वाढत असेल आणि पँट कमरेला घट्ट होत असेल, तर एक भाकरी कमी करा. अंडी खात नसाल तर त्याऐवजी पनीर किंवा थोडी जास्त सोयावडी.

पैलवान तर केवढं खातात, मग आपण का नाही?

हा प्रश्न सोलापुरात येणारच. फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगरला झालेल्या महाराष्ट्र केसरीच्या अंतिम लढतीत सोलापूरचा महेंद्र गायकवाड होता, जानेवारी २०२३ च्या पुण्यातल्या अंतिम लढतीतही तोच होता. इथल्या तालमींत बदामाची थंडाई, तूप, दूध, मटण आणि भाकरी हा खुराक पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय.

पण पैलवान सकाळ-संध्याकाळ मिळून काही तास घाम गाळतो. जोर, बैठका, धावणं, मातीतली किंवा मॅटवरची लढत. त्याचा खुराक त्या कष्टाचं इंधन आहे. दिवसभर खुर्चीत बसून संध्याकाळी तासभर जिम करणाऱ्याने तोच खुराक उचलला, तर छातीऐवजी पोट वाढेल. तालमीकडून खुराकाचं प्रमाण नको, शिस्त घ्या. रोज ठरलेल्या वेळी, घरचं, साधं आणि पोटभर.

भाकरी परवडते का? खरा प्रश्न इथे आहे

आतापर्यंत वाचून वाटेल, ठरलं तर मग, ज्वारी. पण बाजारात जाऊन बघा. एकेकाळी गरिबाचं धान्य असलेली चांगली मालदांडी गेल्या काही वर्षांत किरकोळ बाजारात अनेकदा गव्हापेक्षा महाग विकली गेलीय. दुसरीकडे रेशनवर जानेवारी २०२३ पासून धान्य मोफत मिळतं, आणि ते मुख्यतः गहू आणि तांदूळ. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यात भरडधान्य एक रुपया किलोने द्यायची तरतूद होती, तरी दुकानात वर्चस्व राहिलं गहू-तांदळाचंच.

ज्वारी महाग का, याचं उत्तर शेतात आहे. इथली रब्बी ज्वारी काळ्या मातीतल्या मुरलेल्या ओलीवर येते, पावसाची साथ नसली की उतारा घसरतो. काढणीला मजूर लागतात. आणि पाणी आलं की शेतकरी उसाकडे वळतो, त्याला दोष कसा देणार? १९३० च्या दशकात मोहोळला स्थानिक ज्वारीतून निवडलेला मालदांडीचा एम ३५-१ हा वाण अजूनही टिकून आहे, तो भाकरीची चव आणि जनावरांना लागणारा कडबा या दोन्हींमुळे. रब्बी ज्वारीवर संशोधन करणारं केंद्रही सोलापुरातच आहे. पण वाण, संशोधन आणि जीआय असूनही धान्य रेशनच्या पोत्यात पोहोचत नसेल, तर हातमागावर, विडी कामात किंवा एमआयडीसीत राबणाऱ्या घरातल्या पोराला ‘मिलेट खा’ सांगण्यात अर्थ नाही.

त्या पोरासाठी उत्तर सरळ आहे. रेशनचा गहू आणि तांदूळ मसलसाठी अजिबात कमी दर्जाचे नाहीत, वरचा तक्ता तेच सांगतो. गहू चाळून कोंडा टाकू नका आणि वाचलेले पैसे डाळ, अंडी, दूध, सोयावडीवर घाला. ज्वारी परवडेल तेव्हा आणा, चवीसाठी आणि सवयीसाठी.

कुणी जपून?

घरात मधुमेह असेल, स्वतःची साखर वाढलेली असेल किंवा किडनीचा त्रास असेल, तर वरचं ताट जसंच्या तसं उचलू नका, आधी डॉक्टरांना विचारा. मैदा, खारी, बिस्किटं, थंड पेयं यांतूनही कार्ब्स मिळतात, पण त्यांना ‘बल्किंग’ म्हणू नका. राष्ट्रीय पोषण संस्थेचा सल्ला साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत ठेवायचा आहे.

थोडक्यात

भाकरी, चपाती, भात यांपैकी घरात जे आहे ते खा, पुरेसं खा. जिमच्या जवळ हलकं, लांब असेल तेव्हा जड. प्रत्येक ताटात डाळ, दही किंवा अंडं हवंच. आणि व्यायाम चुकवू नका, कारण त्याच्याशिवाय हे सगळे कार्ब्स कमरेवरच जाणार.

मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात धान्याची कोठारं लोकांसाठी खुली केली, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. आज कोठार बंद नाही, फक्त एका रीलमुळे आपणच त्याच्याकडे पाठ फिरवतोय. पुढच्या वेळी कुणी ‘भाकरी सोड’ म्हणालं, तर त्याला एवढंच विचारा, ‘का रे, आणि त्याऐवजी किती ग्रॅम काय खाऊ?’ उत्तर आकड्यात आलं तर ऐका. नाही आलं तर भाकरी वाढून घ्या.